साहेबाचा धक्का आणि भाऊचा धक्का

रविवारी बॅलार्ड इस्टेटमध्ये फिरायला मजा येते. आठवडाभर वकिलांनी आणि शिपिंग कंपन्यांच्या माणसांनी गजबजलेले रस्ते मोकळे असतात आणि जॉर्ज विटेटने आखलेल्या इमारती मान वर करून निवांत बघता येतात. गोदी खणताना निघालेल्या मातीने समुद्र बुजवून ही जमीन केली, हे पायांना अजिबात जाणवत नाही. पूर्वेला चालत गेलं की बंदराचं गेट आणि सुरक्षारक्षक. "तुमच्या मागे एक रेल्वे स्टेशन होतं, पेशावरची गाडी सुटायची तिथून," असं त्याला सांगितलं, तर तो मलाच संशयितांत धरील.

पण होतं. बॅलार्ड पिअर मोल. आगबोट धक्क्याला लागली की साहेब बोटीतून उतरून सरळ गाडीत बसायचा. मुंबईचं तोंड बघायची गरजच नाही! खरा मान साहेबापेक्षाही टपालाच्या थैल्यांना होता. पी अँड ओ कंपनीची मेल बोट यायची, त्या ठरावीक दिवशीच 'पंजाब लिमिटेड' सुटायची. 1912 साली सुरू झालेली ही गाडी इटारसी, आग्रा, दिल्ली, लाहोर करत सुमारे 2,500 किलोमीटर 47 तासांत कापायची. सहा डबे, त्यातले तीन टपालाचे. आणि त्याच वर्षी गाडी दिल्लीला काही मिनिटं उशिरा पोचली म्हणून एका उतारूने तक्रार केल्याची नोंद आहे. त्या गृहस्थांना एकदा सकाळी आठला दादरच्या पुलावर उभं करायला हवं होतं.

1928 साली बीबीसीआय रेल्वेने (म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेने) 'पंजाब लिमिटेड'शी चढाओढ म्हणून 'फ्रंटियर मेल' काढली. ती कुलाब्याहून सुटायची, पण सप्टेंबर ते डिसेंबर, विलायतेहून साहेबलोकांची रीघ लागे तेव्हा, तीही बॅलार्ड पिअरलाच येऊन उभी राही. (कुलाब्याचं ते स्टेशनही 1930च्या अखेरीस गेलं. तिथे आता बधवार पार्क आहे.) 1931च्या ऑगस्टमध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी बोटीत बसले तेही याच धक्क्यावरून.

माझ्या आजीने मात्र हा धक्का कधी पाहिला नाही. तिचा धक्का उत्तरेला थोड्या अंतरावरचा, लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी बांधलेला, भाऊचा. तिथून ती मालवणला जायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बोट रखडत जाई. बऱ्याच ठिकाणी किनाऱ्याला न लागता ती खोल पाण्यातच उभी राही आणि ट्रंका, पोरं, फणस सगळं पडावात उतरवावं लागे. पावसाळ्यात तर बोट बंदच. साहेबासाठी गाडी पाण्याच्या काठापर्यंत आली होती. आजीला गाडी सोडा, धडका किनारासुद्धा नव्हता.

मला या स्टेशनबद्दल हळहळ वाटता वाटता राहते ती इथेच. जुने फोटो बघून लोक उसासे टाकतात, पण ते स्टेशन मुंबईत असलं तरी मुंबईचं नव्हतं. मुंबई ओलांडून जाण्यासाठीच ते बांधलेलं होतं. इथून पेशावरला गाडी गेली 1912 साली. कोकणच्या पोटातून रूळ सलग जोडले गेले 1998 साली. मधली शहाऐंशी वर्षं घाटांनी आणि नद्यांनी घेतली हे खरं, पण सगळीच काही त्यांनी घेतली नाहीत.

आजीला शेवटी कोकण रेल्वेने नेलं. खिडकीची जागा, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, सगळं कौतुकाने दाखवलं. कुडाळला उतरल्यावर ती म्हणाली, "बोटीत निदान डेकवर सतरंजी घालून आडवं होता यायचं." बोट लागून ती रत्नागिरीपर्यंत कशी ओकत जायची, हे आजोबांनी सांगायला तोंड उघडलं, तर तिने त्यांच्या हातात पिशवी दिली.