आमेद: बोट नको, बूट घ्या

सात लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण तीन हजार सातशे रुपये. एवढे मोजून बालीतल्या आमेदला आम्ही दोघं सकाळी आठ वाजता जुकुंगमध्ये बसलो. जुकुंग म्हणजे तोल सांभाळायला दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या लावलेली अरुंद होडी. ‘जपानी जहाज’ नावाचं बुडालेलं जहाज बघायचं तर बोटीशिवाय पर्याय नाही, असं मुक्कामाच्या ठिकाणी छातीठोकपणे सांगितलं होतं. अर्धा तास फटफटत गेलो, होडीवाल्याने नांगर टाकला, आणि मास्क चढवायला मान वर केली तर समोर किनारा! अगदी हाकेच्या अंतरावर. तिथे चहा-नूडल्सचं एक वारुंग, म्हणजे टपरी, वारुंगसमोर लावलेल्या स्कूटर, आणि एक गोरे आजोबा हातात फिन्स, म्हणजे पोहताना पायात घालायचे पंखे, घेऊन निवांत चालत पाण्यात उतरत होते. बायकोने एकदा आजोबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, “पर्याय नाही म्हणे.” पुढचे पाच दिवस मला हे वाक्य जेवणाबरोबर लोणच्यासारखं वाढलं गेलं.

तर पहिला आणि शेवटचा सल्ला: आमेदला स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे तोंडात नळी धरून तरंगत पाण्याखालचं बघण्यासाठी, बोट लागत नाही.

आमेद बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर, कारांगासेम भागात आहे. विमानतळ दक्षिणेला, तिथून गाडीने तीन तास धरा. आमेद म्हणतात ते एक गाव नाही. जेमेलुक, बुनुतान, लिपाह, बान्युनिंग अशा खाड्या एकामागून एक लागतात आणि चढउताराचा एकच वळणावळणाचा रस्ता त्या सगळ्यांना जोडतो. कुटा-सेमिन्याकची गर्दी इथे नाही, पांढरी वाळूही नाही. पाठीमागे तीन हजार मीटरचा आगुंग ज्वालामुखी उभा, त्यामुळे किनारा काळा आणि गोट्यांचा. फोटोत रुक्ष दिसतो, पण पाण्यात पंचवीस-तीस मीटर गेलं की प्रवाळ सुरू. समोरून कोणी भेटलं की ‘ओम स्वस्तिअस्तु’ म्हणतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चक्क हात जोडले.

खोल पाण्यात अर्धा तास न थांबता पोहता येत असेल तरच पुढचं वाचा. तारकर्लीला रिंग धरायला देऊन ओढत नेतात, ब्रेडचे तुकडे टाकून मासे दाखवतात, तसलं काही इथे नाही. मास्क स्वतःचा आणा. भाड्याचे मिळतात, पण त्यांचं रबर कडक झालेलं असतं. मिशीवाल्यांनो, मास्क वरच्या ओठाशी गळणारच. मिशीला व्हॅसलीन चोपडा किंवा मिशी उतरवा. मी दोन दिवस नाकात खारं पाणी घेऊन मग व्हॅसलीनवर आलो.

आता बान्युनिंग. जपानी जहाज ते हेच. जहाज छोटं, वरचा भाग इतका उथळ की नुसतं तरंगत बघता येतं. सांगाड्यावर मऊ प्रवाळ आणि समुद्रपंखे झुलत असतात. आदल्या दिवशीचा राग होताच, म्हणून दुसऱ्या दिवशी स्कूटरने गेलो आणि वारुंगच्या बाईंकडून दोन नारळपाणी घेऊन तिथूनच उतरलो. खर्च जवळजवळ शून्य. इथवर माझा विजय होता. चूक एकच झाली: निघायला उशीर झाला आणि पाण्यात शिरायला साडेअकरा वाजले.

बाली आणि लोंबोक यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागराकडे वाहतं. हे मी भूगोलात वाचलं होतं, अंगावर घेतलं नव्हतं. जहाजावर पंधरा मिनिटं मजेत गेली. मग एका पोपटमाशाच्या मागे जरा बाहेर गेलो, मान वर काढली तर वारुंग भलतीकडेच सरकलेलं. परत फिरलो. फिन्स मारतोय, मारतोय, आणि खाली तोच एक खडक, जांभळट, मध्ये चीर असलेला. पाच मिनिटांनीही तोच. दुपारचा वारा सुटलेला, त्यामुळे स्नॉर्केलमध्ये लाटा शिरायला लागल्या. बायको माझ्यापेक्षा चांगली पोहते. तिने ओरडून सांगितलं, “जहाजाकडे नको, सरळ किनाऱ्याकडे चल!” तेच बरोबर होतं. ओढीच्या विरुद्ध झगडायचं नाही, तिला आडवं कापत जमीन गाठायची. गाठली, पण भलत्याच ठिकाणी. तिथून वारुंगपर्यंत कलिंगडाएवढ्या गोट्यांवरून अनवाणी, भर बाराच्या उन्हात. काळा दगड उन्हात कसा तापतो ते आपल्या सह्याद्रीत माहीत असतं, तरी तळव्यांवर फोड आले आणि डाव्या अंगठ्याचं नख गेलं.

म्हणून शीर्षकात बूट. जाड तळव्याचे रबरी बूट आणि ते बसतील अशा मागे पट्टा असलेल्या फिन्स. बंद टाचेच्या फिन्स आणल्यात तर बूट किनाऱ्यावर राहतात आणि तुमचं माझ्यासारखं होतं. आणि उतरल्या उतरल्या हे करा: एखाद्या खडकावर एक मिनिट हातपाय न हलवता तरंगा. खडक मागे सरकत असेल तर ओढ कुठली ते कळलं. सुरुवात ओढीच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणून सोडेल. सकाळी साडेसहा ते दहा, नंतर बाहेर. आम्ही ऑगस्टमध्ये होतो. तेव्हा मधूनच गार पाण्याचा पट्टा अंगावर येतो, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट असू द्या. उन्हालाही तो मलमापेक्षा बरा.

तुलांबेन इथून स्कूटरने वीस-पंचवीस मिनिटांवर. ‘लिबर्टी’ हे अमेरिकन मालवाहू जहाज 11 जानेवारी 1942 ला जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने जखमी झालं, ओढत आणून इथे किनाऱ्याला लावलं, आणि 1963 मध्ये आगुंग फुटला तेव्हा घसरून पाण्यात गेलं. सव्वाशे मीटरच्या आसपास लांबी. स्नॉर्केलवाल्याला फक्त वरचा भाग दिसतो, पण तेवढाही पुष्कळ आहे. सहाला पोहोचा. त्या वेळी कपाळावर टेंगूळ असलेले मोठाले पोपटमासे कळपाने फिरतात. एवढा मोठा मासा मी याआधी फक्त बाजारात पाहिला होता. आठनंतर डायव्हर्सच्या झुंडी येतात आणि खालून बुडबुड्यांचे पडदे उठतात. डायव्हर्सच्या टाक्या डोक्यावर घेऊन गोट्यांवरून झपाझप चालणाऱ्या गावातल्या बायका बघितल्यावर माझ्या अंगठ्याबद्दल बोलायची सोय राहिली नाही.

जेमेलुक: गर्दी आहे, पण पहिल्या दिवशी सराव करायला हेच. लिपाह: शांत पाणी, भरपूर मासे, दोन दिवस मजेत गेले, लिहिण्यासारखं काही नाही. ट्रिगरफिश नावाचा मोठ्या दातांचा मासा अंगावर येऊ लागला तर वर न जाता बाजूला पळा. तो घरट्याच्या वरचं पाणीही आपलंच समजतो.

स्कूटरला दुचाकीची नोंद असलेलं आंतरराष्ट्रीय परमिट लागतं, नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते. शाकाहाऱ्यांनी टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) मागवावं. कोळंबीची पेस्ट घालू नका हे आधी सांगा.

शेवटच्या संध्याकाळी किनाऱ्यावर तोच होडीवाला भेटला. जाळं नीट करत बसला होता. मोडक्या इंग्रजीत गप्पा झाल्या, आणि मी जरा खवचटपणे सात लाखांचा विषय काढला. त्याने तीन बोटं वर केली. त्याला तीनच मिळाले होते, बाकीचे चार मुक्कामाच्या ठिकाणीच राहिले. पहाटे मासेमारीला येता का, विचारलं. दोघांचे साडेतीन, घासाघीस न करता. सकाळी सातला आमची गाडी ठरलेली होती, म्हणून नाही जमलं. तुम्हाला जुकुंगमध्ये बसायचंच असेल तर पहाटे, मासे धरायला बसा, आणि पैसे थेट त्याच्या हातात द्या.