सहावी शवपेटी

सर्वपित्री अमावस्या

ऑग्युस्त तँ हा २१ वर्षांचा फ्रेंच शिपाई आज दिवसभर माझ्या डोक्यातून जात नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर, १० नोव्हेंबर १९२० रोजी, फ्रान्समधल्या व्हर्दनच्या किल्ल्यातील भुयारी दालनात आठ रणक्षेत्रांतून उकरून आणलेल्या आठ शवपेट्या मांडल्या होत्या, आणि आतल्यांची फ्रेंच असण्यापलीकडे कोणतीही ओळख उरलेली नव्हती. मंत्री आंद्रे माजिनो यांनी त्याच्या हाती फुलांचा गुच्छ दिला. तो ज्या पेटीवर गुच्छ ठेवील, तिच्यातला शिपाई ओळख न पटलेल्या साऱ्या मृतांच्या वतीने फ्रान्सचा ‘अज्ञात सैनिक’ ठरणार होता. त्याची पलटण १३२ क्रमांकाची. एक, तीन आणि दोन मिळून सहा, म्हणून त्याने सहाव्या पेटीवर गुच्छ ठेवला.

ही बेरीज मला सोसत नाही. त्यातून त्याचे स्वतःचे वडील त्याच युद्धात बेपत्ता झालेले! पुढच्या वर्षी इटलीत हेच काम मारिया बेर्गामास या मुलगा गमावलेल्या आईकडे आले, तेव्हा ती अकरा पेट्यांसमोरून चालत निघाली आणि दहाव्या पेटीपाशी कोसळली. निवड अशी व्हावी, असे मला सकाळपर्यंत वाटत होते.

सकाळी तर्पणाच्या वेळी गुरुजींनी बसऱ्याच्या आजोबांचे, म्हणजे त्याच महायुद्धात हिंदी पलटणीतून इराकातल्या बसऱ्याकडे गेलेल्या आजोबांचे, नाव विचारले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आता घरात थोरला मी, म्हणून सांगायचेही मीच. पण मला कधी कोणी काही सांगितले होते? काका गेले, आत्या गेली, आणि जाताना घरातली सारी नावे बरोबर घेऊन गेली. बाबांविषयी आज लिहीत नाही.

बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावे कोरली, हिंदी अंमलदारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते, त्याच्यासाठी पॅरिसच्या विजयकमानीखाली १९२३ पासून रोज सायंकाळी ज्योत चेतवली जाते. ज्याचे नाव पगारपत्रकावर होते, तो बेरजेत गेला.

गुरुजी मात्र मुळीच अडले नाहीत. ‘ज्ञात-अज्ञात’ म्हणून त्यांनी तीळ-पाणी सोडायला लावले आणि ते पुढच्या पितरांकडे वळले, कारण त्यांना अजून दोन घरे उरकायची होती. ना मंत्री, ना गुच्छ; मला तर्पणातच हसू आले.

आता वाटते, तँने बेरीज केली हेच बरे. मनाने निवडले असते, तर व्हर्दनलाच पुरलेल्या उरलेल्या सातांत आपले वडील राहिले का, हा प्रश्न त्याला जन्मभर पुरला असता. आकड्यावर ढकलता तरी येते. मलाही तसा एक आकडा मिळाला तर हवा आहे. त्याच युद्धात इराकातल्या कुत गावाला पडलेल्या वेढ्यात मराठा पलटणी सापडल्या त्या १०३, ११० आणि ११७. आजोबा त्यांतल्या कोणत्या, हे आत्याला पक्के ठाऊक होते म्हणे.