सुयांनी हृदयाचं दुखणं थांबतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"अँजायना आहे, गोळ्या चालू आहेत, तरी जिना चढला की छाती आवळल्यासारखी होते. अॅक्युपंक्चर करून बघू का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की पहिल्या दोन शब्दांतच पुढचं कळतं. मी औषधोपचारांच्या चाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते, म्हणून माझ्याकडे 'हो' किंवा 'नाही' तयार असणार असं लोक धरून चालतात. मी "थांबा, नीट सांगते" म्हटलं की काहींना वाटतं ही डॉक्टरांची तळी उचलतेय, काहींना वाटतं हिचाही आता सुयांवर विश्वास बसला. दोन्ही खरं नाही. एकदा सगळं लिहूनच टाकते.

आधी ज्याबद्दल मी कुणाशीही वाद घालणार नाही ते. मी बोलतेय स्थिर अँजायनाबद्दल. म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून ठरावीक श्रमांनंतर छातीत येणारी कळ, थांबलं किंवा जिभेखाली गोळी ठेवली की काही मिनिटांत ओसरणारी. बसल्या जागी दुखायला लागलं, पूर्वीपेक्षा कमी श्रमांत किंवा जास्त वेळा दुखायला लागलं, घाम फुटला, गोळीनं उतरलं नाही, तर तो सुयांचा विषयच नाही. तेव्हा ताबडतोब हॉस्पिटल. आणि सुयांनी रक्तवाहिनीतला अडथळा विरघळतो असं सांगून कुणी तुमची रक्त पातळ ठेवणारी गोळी किंवा कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन बंद करायला लावत असेल, तर तिथून उठून या.

उरतो तो खरा प्रश्न. कळा कमी होतात का?

बरीच वर्षं माझं उत्तर ठाम होतं. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात मध्यम तीव्रतेच्या अँजायनाचे 49 रुग्ण होते. काहींना अॅक्युपंक्चरच्या बिंदूंवर सुया दिल्या, काहींना खोट्या, म्हणजे बिंदू नसलेल्या जागी. दोन्ही गटांत कळा साधारण निम्म्यावर आल्या, जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्याही. दोन्ही गटांत! मला तेवढं पुरेसं होतं. पुढे 2012 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनीही स्थिर हृदयविकारात लक्षणं कमी करण्यासाठी अॅक्युपंक्चर वापरू नये असं स्पष्ट लिहिलं. तेव्हाच्या मला विचारलं असतंत तर माझं बोलणं इथंच संपलं असतं.

आता आईचं सांगते. तिच्याबद्दल मी फारशी बोलत नाही, पण ते वगळून हे उत्तर अर्धं राहील.

आईच्या अँजिओग्राफीत जे दिसलं त्यावर डॉक्टरांनी आधी औषधांवरच राहायचं ठरवलं. गोळ्यांनी फरक पडला, पण जिन्याच्या मधल्या वळणावर ती थांबायचीच. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिनं सुया घ्यायला सुरुवात केली. औषधं चालू ठेवून जातेय म्हणून मी अडवलं नाही. काही आठवड्यांत ती न थांबता वर यायला लागली. कळ आली की वहीत खूण करायची तिची सवय होती, त्या खुणा विरळ झाल्या. एका संध्याकाळी वही पुढ्यात ठेवून तिनं विचारलं, "तू एवढं वाचतेस, खरं सांग. हे सुयांनीच झालं ना गं?"

मी खरं सांगितलं. डेन्मार्कचा अभ्यास, खोट्या सुया, निम्म्यावर आलेल्या कळा, सगळं. कळा आपणहूनही कमी-जास्त होतात आणि माणूस उपचार शोधतो तो नेमका त्या वाढलेल्या असताना, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे खोट्या सुयांनी बरं वाटतं, तर माझं दुखणंही खोटंच म्हणायचं."

मी लगेच "नाही, तसं नाही" म्हणाले. दुखणं खरं, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय हे खरं, ते तपासणीत दिसलंय, फक्त आराम कशानं मिळाला एवढाच प्रश्न आहे. ती मान हलवत राहिली. पुढच्या आठवड्यात सुयांना गेली नाही. वहीही बंद झाली. मी विचारलं की "बरी आहे" म्हणायची, आणि मला ते ऐकायचंच होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका पहाटे तिनं मला हाक मारली तेव्हा ती घामानं भिजली होती. कळ मध्यरात्रीच सुरू झाली होती. झोपेत, बसल्या जागी, दोन गोळ्या जिभेखाली ठेवूनही न उतरलेली. हॉस्पिटलमध्ये ट्रोपोनिन वाढलेलं निघालं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली होती. रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट घातला, ती वाचली, आज घरात हिंडतेफिरते. आयसीयूच्या बाहेर डॉक्टरांनी विचारलं, इतका वेळ का थांबलात? नंतर तेच मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तुला उठवायचं, आणि तू म्हणणार हे मनाचं आहे."

मी असं कधीच म्हटलं नव्हतं. हे मी भावाला सांगितलंय, मावशीला सांगितलंय, तुम्हालाही सांगते. तिनं थेट विचारलं होतं, आणि ज्या माणसानं मला वाढवलं त्याच्याशी गोड बोलून खोटं सांगणं मला जमलं नसतं. आजही तिनं विचारलं तर मी सांगेन. पण एक गोष्ट तेव्हाच्या मला दिसत नव्हती. खोट्या उपचारानं आराम पडतो याचा अर्थ आजार खोटा, असं शास्त्र कुठंच म्हणत नाही, तरी ऐकणारा रुग्ण बहुतेक वेळा तेच ऐकतो. आणि मग तो दुखणं सांगायचं थांबतो. हृदयाच्या बाबतीत ते जीवावर बेततं. सांगायचं की नाही, यावर माझं स्वतःशी भांडण अजून चालू आहे. मावशी म्हणते, गप्प राहिली असतीस तर ती सुया घेत राहिली असती आणि हे घडलंच नसतं. मला ते पटत नाही. सुया घेतल्यानं ती रात्र टळली असती असं म्हणायला काहीही आधार नाही. वही चालू राहिली असती, एवढं मात्र मावशीला मान्य करावं लागतं.

आणि पुराव्याचंही तेवढ्यावर थांबलं नाही. 2019 साली चीनमधल्या पाच केंद्रांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. 404 रुग्ण, सगळ्यांची नेहमीची औषधं चालू, चार गट. चार आठवड्यांत बारा वेळा सुया. एका गटाला मनगटाजवळ करंगळीच्या बाजूला आणि हाताच्या आतल्या बाजूला मधोमध, म्हणजे ज्या बिंदूंचा हृदयाशी संबंध मानतात तिथं. दुसऱ्याला त्याच हातावर, पण अंगठ्याच्या बाजूच्या, फुफ्फुसाच्या मानलेल्या बिंदूंवर. तिसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी, चौथ्याला काहीच नाही. सोळाव्या आठवड्याला पहिल्या गटाच्या चार आठवड्यांतल्या कळा इतरांपेक्षा जास्त कमी झालेल्या होत्या. अंगठ्याच्या बाजूवाल्यांच्या तुलनेत फरक सुमारे चार कळांचा, खोट्या जागांच्या आणि काहीच न दिलेल्यांच्या तुलनेत पाचहून थोडा जास्त. जिना चढणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला, आणि जुन्या मला गप्प करायला तो पुरेसा आहे का ते अजून ठरत नाही. दोन बोटं इकडची सुई आणि दोन बोटं तिकडची सुई यांत एवढा फरक पडत असेल तर हा शोध फार मोठा. पण सुई देणाऱ्याला आपण कुठं टोचतोय हे माहीत असतं. त्याचा आवाज, त्याची खात्री, रुग्णाशी बोलायची पद्धत यांतून ते पोहोचू शकतं, आणि कळांची नोंद रुग्णच करतो. शिवाय 1998 मध्ये एका आढाव्यात चीनमधून आलेल्या अॅक्युपंक्चरच्या यच्चयावत चाचण्यांचा निष्कर्ष अनुकूल निघाला होता. असं कुठल्याच उपचाराचं होत नसतं.

हे वाचून सुयांवर तुटून पडणाऱ्यांनाही एक सांगायचंय. अँजायनासाठी छातीतली एक धमनी बांधायची शस्त्रक्रिया एके काळी जोरात होती. 1959 मध्ये 17 रुग्णांवर तपासलं, तेव्हा नुसती कातडी कापलेल्यांनाही तितकाच आराम पडला. स्टेंटची तशी परीक्षा थेट 2017 मध्ये झाली. ऑर्बिटा नावाच्या त्या चाचणीत 200 रुग्ण होते, आणि स्टेंट घातलेले व फक्त घातल्याचं भासवलेले यांच्या ट्रेडमिलवरच्या वेळेत फरक पडला 16.6 सेकंदांचा, तोही योगायोगानं पडू शकेल इतका. पुढच्या, 2023 च्या चाचणीत अँजायनाची औषधं थांबवून 301 रुग्ण घेतले, तेव्हा स्टेंटनं कळा खरोखर कमी झाल्या. म्हणजे भल्याभल्या उपचारांना ही परीक्षा द्यावी लागली आहे. सुयांना ती द्यायला लावणं हा अपमान नव्हे, पण ती फक्त सुयांनाच लावणं हा पक्षपात आहे.

तर, करून बघायचं का? औषधं तशीच ठेवून, हृदयाच्या डॉक्टरांना सांगून, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किंवा पेसमेकर असेल तर ते सुया देणाऱ्याला आधी सांगून, छातीवर खोल सुई न घेता जाणार असाल, तर मी अडवणार नाही. छातीच्या मधल्या हाडाला काहींना जन्मतः भोक असतं, आणि तिथून सुई हृदयाच्या आवरणापर्यंत गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, म्हणून ते छातीचं बजावते. फायदा होईल का, हे मला सांगता येत नाही.

त्याऐवजी मी आता एकच विचारते. अशी एखादी कळ आहे का, जी तुम्ही अजून तुमच्या डॉक्टरांना सांगितलेली नाही? बरेच जण इथं अडखळतात. "आहे एक, रात्रीची, पण ती गॅसची असेल," असं म्हणतात. ती आधी सांगून या. सुयांचं मग बोलू.