बिनकामाचे दिवे: जेरुसलेममधला हनुका

डिसेंबरात जेरुसलेमला निघालीस तर स्वेटर घे, असं सगळ्यांनी बजावलं. छत्री घे, असं कुणीच म्हणालं नाही. पोचले ती संध्याकाळ भुरभुर पावसाची होती आणि हनुकाचा, म्हणजे ज्यूंच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाचा, चौथा दिवा लागायचा होता. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे सणाची खरी लगबग पाच-साडेपाचला सुरू होते.

माखने येहुदा बाजाराला लागूनच नाखलाओत ही जुनी वस्ती आहे. दगडी घरं, दोन माणसं शेजारी चालली तर भिंतीला खांदा घासेल अशा गल्ल्या. घरोघर दाराशी काचेची पेटी, छोट्या फिशटँकएवढी. आत नऊ दिव्यांची हनुकिया, म्हणजे या सणाचं दीपदान, इवल्या काचेच्या वाट्या, वाट्यांत ऑलिव्हचं तेल आणि वात. काच वाऱ्यापावसासाठी. एका दारात बापाने मुलाला कडेवर घेतलं होतं आणि मुलगा जीभ बाहेर काढून, अगदी जपून वात पेटवत होता. रोज एक दिवा वाढतो. दिवे उजवीकडून मांडत जायचे, पेटवताना मात्र डावीकडच्या, म्हणजे त्या दिवसाच्या नव्या दिव्यापासून सुरुवात. बाकीचे पेटवायला नववा दिवा असतो, त्याला शमाश म्हणतात.

या उजेडात काहीही करायचं नाही, असा नियम आहे. वाचायचं नाही, पैसेसुद्धा मोजायचे नाहीत. दिवे नुसते दिसायला हवेत, तेही रस्त्यावरच्या माणसाला. म्हणून तर ते दाराबाहेर. दिवे जळत असताना, निदान अर्धा तास, बायकांनी घरकामाला हात लावायचा नाही, असाही एक रिवाज आहे. तो मला बेहद्द आवडला.

दिवे चढते की उतरते, यावरही प्राचीन काळी वाद झाला होता. शम्माई आणि हिल्लेल हे दोन ज्यू धर्मगुरू. शम्माईचे अनुयायी म्हणत, पहिल्या दिवशी आठ लावा आणि रोज एक कमी करा. हिल्लेलचे म्हणत, एकापासून वाढवत न्या. हिल्लेल जिंकले ते बरं झालं. शेवटच्या रात्री एकच दिवा मिणमिणतोय, हा कसला सण!

बाजारात मात्र सगळा भर पोटावर. तेलाचा सण म्हणून तळणीचे पदार्थ: किसलेल्या बटाट्याचे वडे, म्हणजे लेविवोत, आणि जॅम भरलेले डोनट, म्हणजे सुफगानियोत. बेकऱ्यांनी पिस्ता, कॅरॅमल, वर क्रीमचे डोंगर असे प्रकार काढलेत आणि किमतीही तशाच. साधा लाल जॅमचा, पिठीसाखर भुरभुरलेला, गरमागरम मिळाला तर बाकीच्यांकडे बघूही नये.

पुढे रामल्या या इस्रायलमधल्याच शहरात जाताना मोदीईन वाटेत पडतं. आजचं शहर नव्वदच्या दशकात वसवलेलं, इमारती आणि मॉल असलेलं. पण हनुकाची कथा सुरू होते ती या परिसरात. तेव्हा इथे राज्य करणाऱ्या ग्रीक सेल्युकिड घराण्याचा राजा चौथा अँटिओकस याने इसवी सनपूर्व 167 मध्ये जेरुसलेमचं मंदिर भ्रष्ट केलं, ज्यू धर्माचरणावर बंदी घातली. मोदीईनचा पुरोहित मत्तित्याहू याने राजाच्या अधिकाऱ्याला ठार केलं आणि पोरांना घेऊन डोंगरात गेला. त्याचा मुलगा यहुदा मक्काबी याने इसवी सनपूर्व 164 मध्ये मंदिर परत मिळवून ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी वेदी पुन्हा प्रतिष्ठापित केली.

गंमत म्हणजे एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, ही सर्वांच्या तोंडी असलेली गोष्ट या लढ्याची हकिगत सांगणाऱ्या मक्काबींच्या ग्रंथांत नाहीच. ती सापडते कित्येक शतकांनंतरच्या तालमुद या ज्यू धर्मग्रंथात. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आठ दिवसांचं कारण वेगळंच दिलंय: डोंगरात लपल्यामुळे सुक्कोतचा, म्हणजे मांडवांचा, सण हुकला होता, तो त्यांनी उशिरा त्याच थाटात साजरा केला. मला ही हुकलेल्या सणाची गोष्ट जास्त पटते. तेलाची गोष्ट मुलांना सांगायला बरी.

रामल्यात मात्र कानावर चक्क मराठी पडलं. कोकणातून आलेल्या बेने इस्रायली ज्यूंची इथे मोठी वस्ती आहे. ओळखीतून एका मावशींकडे गेले, तर दारातच "ये गं, चपला राहू दे" म्हणाल्या. त्यांच्या लेविवोतमध्ये हिरवी मिरची आणि कोथिंबीर होती.

आपले पूर्वज कोकणातल्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, असं बेने इस्रायली मानतात. कोकणात तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्यांच्या जुन्या सणांची नावं ऐकण्यासारखी आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. या यादीत हनुका नाही. पूर्वज मक्काबींच्या आधीच मायदेशातून निघाले असावेत, याचा हा पुरावा म्हणून समाजात सांगितला जातो. हनुका ते खूप नंतर, बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर पाळू लागले.

मावशींना मी हे विचारलं, तर त्या कढईत झारा फिरवत म्हणाल्या, "तेली आम्ही, आणि तेलाचाच सण आम्हाला ठाऊक नव्हता, बघ!" आणि पुढचा घाणा तेलात सोडला.