वहिनी, टीव्ही कोणता घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते. ‘एवढी या धंद्यातली आहेस, मग टीव्ही कोणता घ्यावा ते धड सांगत का नाहीस?’ हा प्रश्न मला दीर विचारतो, मामेबहीण विचारते, नवऱ्याचे मित्र तर समोर ताट असताना विचारतात. त्यावर मी काय करते तेही आता सगळ्यांना पाठ झालंय. मी उलट विचारते, ‘सोफा भिंतीपासून किती लांब आहे?’ कुणीच मोजलेलं नसतं. मोजून सांगतो म्हणतात, विसरतात आणि दुकानदार गळ्यात मारेल तो टीव्ही घेऊन येतात. मी सुटते.

सासरी याचं कारण ठरलेलं आहे. वहिनीने तो राक्षसाचा सिनेमा सगळ्यांना दाखवला, तेव्हापासून तिने शिफारशी करणं सोडलं. धाकटा दीर हा किस्सा लग्नाकार्यात हातवारे करून सांगतो, लोक हसतात, मीही हसते. किस्सा शंभर टक्के खरा आहे. कारण मात्र ते नाही.

आधी किस्सा उरकून टाकते. आम्ही तेव्हा कॅलिफोर्नियात होतो. जुलै 2007 मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ बघायला गेलो, तर आधी एका सिनेमाची झलक लागली. घरात पार्टी चाललीय, हादरा बसतो, सगळे गच्चीवर धावतात, लांब स्फोट होतो, आणि रस्त्यात धाडकन येऊन पडतं स्वातंत्र्यदेवतेचं मुंडकं. सिनेमाचं नावसुद्धा सांगितलं नाही. फक्त तारीख, 1-18-08. नाव कळलं ते पुढे, ‘क्लोव्हरफील्ड’. मी सहा महिने भेटेल त्याला त्या तारखेचं कौतुक ऐकवत होते. राक्षस दाखवला नाही म्हणजे काय भारी असेल बघा, वगैरे. आठ तिकिटं मीच काढली. थिएटरच्या दारावर कागद चिकटवला होता की चित्र हलतं, काहींना गरगरू शकतं. मी म्हटलं, ही पण जाहिरातच.

सगळा सिनेमा एका पोराने हातातल्या कॅमकॉर्डरवर टिपलाय अशी कल्पना. पार्टीच संपता संपत नाही. मग राक्षस येतो, पण कधी पाय, कधी शेपूट, कधी दोन इमारतींच्या फटीतून काहीतरी करडं सरकताना. शेवटी सेंट्रल पार्कात तो भर उजेडात पूर्ण दिसतो, आणि आमच्या रांगेतून एक आवाज आला, ‘हाच का?’ पार्श्वसंगीत नाही. ते फक्त शेवटी नावं पळतात तेव्हा. एकूण 85 मिनिटं, त्यातली बरीच या नावांचीच. तोवर भाच्याने पॉपकॉर्नच्या रिकाम्या बादलीचा उपयोग केला होता. घरी येताना गाडीच्या काचा खाली, आणि कुणी माझ्याशी बोलेना. दीर सांगतो तो किस्सा इथे संपतो.

आता तो सांगत नाही, कारण त्याला माहीत नाही, ते त्याच्या दहा दिवस आधीचं.

तेव्हा मी एका लहानशा कंपनीत होते. एचडी डीव्हीडीवर, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्र देणाऱ्या डिस्कवर, जे मेनू उघडतात, सिनेमा चालू असताना कोपऱ्यात खिडकी येऊन दिग्दर्शक बोलायला लागतो, ते सगळं बनवायची साधनं आम्ही करायचो. ब्लू-रे ही तशीच प्रतिस्पर्धी गटाची डिस्क. तिचं आणि एचडी डीव्हीडीचं भांडण तुम्हाला आठवत असेल; नसेल आठवत तर तेही बरोबरच आहे, हरलेल्याचं कोण लक्षात ठेवतं. दोन्हीकडे तोच 405 नॅनोमीटरचा निळसर लेसर. त्यांच्या डिस्कच्या एका थरात 25 जीबी मावायचं, आमच्या 15. पण आमचा माहितीचा थर जुन्या डीव्हीडीइतकाच, 0.6 मिलिमीटर खोल होता, म्हणून जुन्याच यंत्रांत थोडे फेरफार करून डिस्क छापता यायच्या. प्लेअर स्वस्त होते. प्रत्येक प्लेअरला मागे इंटरनेटच्या वायरची खाच असायची, अगदी स्वस्तातल्या स्वस्तालाही, कारण आमच्या नियमात ती सक्तीचीच होती. हे मी अजूनही अभिमानाने सांगते बघा. नवरा म्हणतो, माहेरच्या माणसांबद्दल बोलावं तशी बोलतेस.

लास वेगसचं कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन सोमवारी, 7 जानेवारी 2008 ला उघडणार होतं. शुक्रवारी, 4 तारखेला, वॉर्नर ब्रदर्स या बड्या सिनेमा स्टुडिओने जाहीर केलं की जूनपासून आम्ही फक्त ब्लू-रे काढणार. आमच्या बाजूची रविवारची पत्रकार परिषद रद्द झाली. मी शनिवारी विमानतळावरून बाहेर येत होते तेव्हा फोनवर एकामागून एक निरोप येत होते, आणि सगळ्यांचा अर्थ एकच. रविवारी रात्री हॉटेलच्या खोलीत साहेबांनी आम्हा सहा जणांना पलंगावर, खुर्चीवर, खिडकीच्या कट्ट्यावर बसवून सांगितलं, कुणी विचारलं तर म्हणायचं, ‘शेवटी ग्राहकच ठरवतील.’

मग चार दिवस आम्ही ते म्हटलं.

त्या प्रदर्शनात तुम्ही गेला नसाल तर एवढंच लक्षात ठेवा की तिथे गालिचे असतात. मोठ्या कंपन्यांच्या मांडवात जाड, पाय रुततील असे. आमच्यासारख्यांच्या मांडवात पातळ, खालचं सिमेंट टाचेला लागतं. दुपारनंतर लोक कंपनी बघून नाही, गालिचा बघून थांबतात. पॅनासॉनिकचा 150 इंची प्लाझ्मा टीव्ही बघायला ही गर्दी. सोनीचा 11 इंची ओएलईडी टीव्ही, जाडी 3 मिलिमीटर, किंमत 2500 डॉलर, तो बघायला लोक वाकून, श्वास रोखून उभे. आणि आमच्याकडे लोक यायचे ते सांत्वनाला आल्यासारखे. माना तिरक्या करून. ‘कसं चाललंय?’

माझ्यासमोर दोन पडदे होते. डावीकडे डीव्हीडी, उजवीकडे आमची डिस्क, एकच दृश्य. उजवीकडे चित्राचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, बरोबर सहापट. मी दिवसाला पन्नास वेळा बोट दाखवून पाल्याच्या शिरा मोजायला लावत होते. आणि दिवसाला दहा वेळा कुणीतरी माझ्या खांद्यावरून मागे बघून विचारायचं, ‘इथे कुणी टेक्निकल माणूस आहे का?’ छातीवरच्या बिल्ल्यावर माझा हुद्दा स्पष्ट लिहिला होता. पण बिल्ला वाचायचा तर माणसाकडे बघावं लागतं.

मंगळवारी दुपारी एक गृहस्थ आले. सत्तरीच्या आसपासचे, कोटाच्या वरच्या खिशात लहानशी वही, तिच्या तारेत अडकवलेलं बॉलपेन. मध्य-पश्चिमेतल्या कुठल्याशा गावात त्यांचं टीव्हीचं दुकान होतं. त्यांनी आधी माझा बिल्ला वाचला. सावकाश, चष्मा वर सरकवून. मग म्हणाले, ‘तुम्ही इंजिनिअर आहात. तुम्हालाच विचारतो. विकणाऱ्यांना विचारून झालं.’

त्यांच्याकडे छत्तीस प्लेअर पडून होते. डिस्ट्रिब्युटर शुक्रवारपर्यंत परत घ्यायला तयार होता, त्यानंतर नाही. आठ-दहा त्यांनी नाताळात विकले होते, ते ओळखीच्या लोकांना. ‘परत पाठवू की ठेवू?’

‘ग्राहकच ठरवतील’ हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते म्हटलं असतं तर आज मी हे लिहीत बसले नसते. ते वाक्य इतकं पोकळ आहे की त्या माणसाला त्यातूनच उत्तर कळलं असतं. पण त्यांनी मला इंजिनिअर म्हणून विचारलं होतं. दोन दिवसांत पहिल्यांदा. मला ते गोड लागलं, काय सांगू. मी सरसावून उभी राहिले. त्यांना थरांची खोली सांगितली, छपाईचा खर्च सांगितला, पॅरामाउंट स्टुडिओ अजून आमच्याकडे आहे हे सांगितलं, किमती कशा आमच्याच बाजूच्या आहेत ते सांगितलं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आणि मग म्हटलं, ‘मी तुमच्या जागी असते तर इतक्यात परत पाठवले नसते.’

त्यांनी वही काढली. बॉलपेन तारेतून सुटेना, दोनदा ओढलं. मग लिहिलं, मला उलटं दिसत होतं, ‘थांबायचं’, आणि खाली रेघ मारली. रेघ एकदा मारली, परत गिरवली. माझं कार्ड मागून घेतलं. हात मिळवला आणि गेले.

माझी बाजू मांडायची तर मुद्दे पुष्कळ आहेत, आणि गेली कित्येक वर्षं मी ते स्वतःशी मांडते आहे. मी विक्री विभागात नव्हते. आमच्या गटाची म्होरकी कंपनी तोशिबा, तिने माघार जाहीर केली ती 19 फेब्रुवारीला. 8 जानेवारीला कोणाच्याच हातात ठाम काही नव्हतं. ते स्वतः धंद्यात मुरलेले, बातमी त्यांनीही वाचली होती. माझं मत ते एक मत. शिवाय खरंच कुणी पुढचं सांगू शकतं का?

हो. मी सांगितलं होतं. शनिवारी रात्री हॉटेलवर पोचल्यावर मी घरी फोन केला आणि नवऱ्याला म्हटलं, आपण आणलेला तो दुसरा प्लेअर, तुझ्या भावासाठीचा, अजून खोका उघडला नाहीयेस ना? उघडू नकोस. पावती माझ्या खणात आहे. उद्याच परत करून ये.

म्हणजे शनिवारी मला माहीत होतं. मंगळवारी मी विसरले असं काही झालं नाही.

फेब्रुवारी संपता संपता त्या गृहस्थांची मेल आली. मी ती दोन दिवस उघडली नाही. उघडली तर त्यात फक्त हे होतं की एक डिस्क त्यांच्या प्लेअरवर मेनूपाशी अडकते, गिऱ्हाईक तक्रार करतंय, काही करता येईल का. मी तीन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. मागच्या खाचेत वायर लावा, नवं फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या, मध्येच वीज बंद करू नका, वीस मिनिटं लागतील. छत्तीस प्लेअरचं काय झालं हे मी विचारलं नाही. त्यांनी लिहिलं नाही. उलट टपाली आलं, ‘चाललं. आभार.’

तेव्हाची मी आतल्या आत म्हणायची, बघ, शेवटी मदत केलीस की. आताची मी म्हणते, फर्मवेअर हा तुझा आवडता विषय, त्यात लपलीस. पण आताच्या माझ्यावरही माझा फारसा विश्वास नाही. सोफा किती लांब आहे हे विचारणं म्हणजे वेगळं काय करते मी?

या दोन गोष्टींमध्ये फरक आहे आणि तो मला सोडत नाही. सिनेमाची शिफारस मी मनापासून केली होती आणि तोंडावर आपटले. त्याबद्दल मला आजतागायत बोलणी बसतात. प्लेअरची शिफारस मी माहीत असून केली आणि ती कुणालाच ठाऊक नाही. गंमत म्हणजे ‘क्लोव्हरफील्ड’ पॅरामाउंटचाच, म्हणजे आमच्या गटातला. त्या दिवशी थिएटरात भाचा ओकत असताना मी हिशेब करत होते की याची डिस्क आपल्याकडे येईल का, आणि आली तर या थरथरणाऱ्या चित्रात सहापट ठिपके घेऊन लोक बघणार काय? चार दिवस मी पाल्याच्या शिरा दाखवत उभी होते. इथे मुद्दाम बिघडवलेलं चित्र बघायला सगळं गाव रांगेत. त्या वर्षी जूनमध्ये तो ब्लू-रेवर आला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण टीव्हीचं काय? टीव्हीचंही तेच आहे हो. त्या प्रदर्शनात ज्या प्लाझ्मापुढे गर्दी होती, तो पॅनासॉनिकने 2014 पर्यंत बनवणंच बंद केलं. पुढे दोन वर्षांनी त्याच दालनांत सगळ्यांना चष्मे वाटून थ्री-डी दाखवत होते. 2017 मध्ये एलजी आणि सोनीने तेही सोडून दिलं. ज्यांनी घेतले त्यांनी कुठल्यातरी इंजिनिअरला विचारलंच असेल. यावर दीर म्हणतो, वहिनी, मला पन्नास वर्षं टिकणारा नकोय, क्रिकेट दिसलं पाहिजे. ते त्याचं बरोबर आहे. मी त्याच्याकडे असा चेहरा करून बघते की जणू त्याने माझ्याकडे छत्तीस टीव्हींचा हिशेब मागितलाय.

परवा त्याने दोन मॉडेलचे फोटो पाठवले. मी नेहमीप्रमाणे लिहिलं, सोफा भिंतीपासून किती लांब आहे? तासाभराने उत्तर आलं. नऊ फूट चार इंच. सोबत टेप धरल्याचा फोटोही होता. खाली लिहिलं होतं, ‘आता?’