तुम्ही विचारलंत म्हणून: ते सर्टिफिकेट किती दिवसांत मिळतं?

विचारणारे बहुतेक ओळखीतलेच असतात. पुण्यातली नोकरी सोडून आलेला कुणी सोलापुरात होटगी रोडला दोन खोल्यांत ऑफिस थाटतो, पाणीपट्टी वसुलीचं नाहीतर दवाखान्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर क्लाउडवर चढवतो, चार खासगी गिऱ्हाइकं जमवतो. मग डोळा सरकारी खात्यावर. टेंडर उघडलं की सिक्युरिटीच्या अटी पानंच्या पानं, त्यात सुरक्षा ऑडिटचं सर्टिफिकेटही. लगेच मला फोन, "दादा, ते सर्टिफिकेट किती दिवसांत मिळतं?"

हा प्रश्न कुठून येतो ते मला काकांमुळे कळतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे माग आहेत. परदेशी गिऱ्हाईक ओको-टेक्स मागतं, काका नमुने लॅबला पाठवतात, घातक रसायनं नाहीत असा रिपोर्ट आला की वर्षभराचं सर्टिफिकेट भिंतीवर. "तुझं एवढं काय अवघड आहे बे? नमुना पाठव की," हे त्यांचं ठरलेलं. पण विणून झालेल्या टॉवेलचा धागा रात्रीतून बदलत नाही. सॉफ्टवेअर आठवड्याला बदलतं. आपण हात लावला नाही तरी आत कुठेतरी वापरलेल्या फुकटच्या लायब्ररीत भोक सापडल्याची बातमी येतेच.

तर आधी मागितलंय काय ते बघायचं. सरकारी खात्याचा डेटा ज्या क्लाउडवर ठेवायचा, त्या क्लाउड कंपनीचं नाव केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या यादीत असावं लागतं. याला एम्पॅनलमेंट म्हणतात. त्यासाठीचं ऑडिट एसटीक्यूसी ही मंत्रालयाचीच संस्था करते आणि डेटा भारतातच राहावा लागतो. हा खेळ मोठ्या कंपन्यांचा, दोन खोल्यांच्या ऑफिसने त्यात पडू नये. आपण यादीतल्या क्लाउडवर जागा घ्यायची आणि आपल्या अ‍ॅप्लिकेशनचं ऑडिट सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून करून घ्यायचं. "क्लाउड एम्पॅनल्ड आहे म्हणजे आमचंही झालंच की," असं मला दर दुसरा माणूस सांगतो. अरे, गाळामालकाने शटर भक्कम लावून दिलं, तरी किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते भाडेकरूलाच सांगावं लागतं ना?

किल्ल्यांवरून माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एका कंपनीत होतो. तिला अमेरिकेच्या सरकारी खात्यांना सेवा विकायची होती, म्हणजे फेडरॅम्प आलं. सरकारी खात्यांना विकायच्या क्लाउड सेवेची सुरक्षा तपासण्याचा, 2011 पासूनचा तिथला कार्यक्रम. त्याच्या मधल्या, मॉडरेट पातळीला आजच्या घडीला 323 कंट्रोल, म्हणजे सुरक्षेच्या अटी, आहेत आणि प्रत्येकापुढे आपण तो नेमका कसा पाळतो ते लिहायचं. शेकडो पानं होतात. त्यात एका जागी मी लिहिलं होतं, 'नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद केलं जातं.' कुठल्याशा तयार मसुद्यातून उचललेलं वाक्य. ऑडिटर बाईंनी एचआरकडून सोडून गेलेल्यांची यादी मागवली, मधल्याच एका नावावर पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "याचं खातं उघडून दाखवता?" दिवाळीआधी गेलेला मुलगा होता तो. स्क्रीनवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, म्हणजे खातं चालूच. तेव्हा जानेवारी चालू होता. सोलापुरात गड्डा भरला होता, घरचे सिद्धेश्वराच्या यात्रेला ये म्हणून फोन करत होते आणि मी तिथे एसीत घाम पुसत होतो. त्या मुलाने काही केलं नव्हतं, त्या खात्यात पुन्हा डोकावलाही नव्हता. बाईंनी तेही तपासलं, आणि तरी जे लिहायचं ते लिहिलं.

मंजुरी मिळाली की सुटलो, असंही नाही. फेडरॅम्पमध्ये दर महिन्याला स्कॅनचे रिपोर्ट द्यावे लागतात. गंभीर त्रुटी 30 दिवसांत बुजवायची, मध्यम 90, किरकोळ 180. आपल्याकडे सर्ट-इनचे 2022 चे निर्देश आहेतच. सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची, लॉग, म्हणजे सिस्टीममध्ये कधी काय झालं याच्या नोंदी, 180 दिवस जपायचे, सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. घड्याळाचं ऐकून लोक हसतात. पण दोन सर्व्हरच्या वेळेत सात मिनिटांचा फरक पडू द्या, मग आधी कोण आत शिरलं आणि नंतर काय पुसलं गेलं हे लावता लावता उजाडतं.

किती दिवस, हे अजून राहिलंच. ऑडिटरचं काम काही आठवड्यांत उरकतं. पहिल्या फेरीत चुका निघतात, त्या दुरुस्त करायच्या, तो पुन्हा तपासतो. महिने जातात ते त्याच्या आधी, कुणी कधी काय केलं याचा पुरावा गोळा करण्यात. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तर गेल्या खेपेला कधी आलं, किती वेळ होतं, हे घरातल्या पोरालाही तोंडपाठ. ऑफिसात मात्र ॲडमिनचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला म्हणून विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

हल्ली मी फोनवर दिवस सांगतच नाही. आधी एक कागद मागवतो. गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्यांची नावं आणि प्रत्येकाचं लॉगिन बंद केल्याची तारीख. परवा एकाने पाठवला. नावं चार, तारखांचा रकाना मोकळा. खाली मेसेज होता, "दादा, तारखा अंदाजाने टाकू का?"