डोळे आले नाहीयेत हो, युव्हायटिस आहे

परवा परत उजवा डोळा लाल. सकाळच्या लोकलला लेडीजमध्ये चौथी सीट मिळाली तर बाजूच्या काकू "डोळे आलेत वाटतं" म्हणत इतक्या सरकल्या की मला पहिल्यांदा ऐसपैस बसायला मिळालं. सांगणार काय, की हे लागत नाही म्हणून. माझं एचएलए-बी २७ (रक्तात तपासतात तो एक जनुकीय मार्कर) पॉझिटिव्ह आहे, म्हणजे शरीराची फौज कधीकधी आपल्याच घरावर दगड मारते आणि डोळ्याच्या आत सूज येते, तोच युव्हायटिस. ही चौथी खेप.

डॉक्टर स्लिट लॅम्पमधून (डोळ्याच्या आत बघायचा मायक्रोस्कोप) बघत म्हणाले, "सेल्स टू प्लस." म्हणजे पांढऱ्या पेशी कवडशातल्या धुळीसारख्या डोळ्यातल्या पाण्यात तरंगतायत. परत दर तासाला स्टेरॉइडचे ड्रॉप्स (बाटली हलवून!), शिवाय बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स, त्यामुळे इंडिकेटरवरचा स्लो-फास्ट वाचता येत नाही ते वेगळंच.

आणि लगेच मामाचा फॉरवर्ड: स्टेम सेलने डोळ्यांचे सर्व आजार बरे. मामा, अरे माझ्या डोळ्यात सेल्स आधीच जास्त झाल्यात!

पण वाचलं मग. स्टेम सेल (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) डोळ्यात चालतात हे खोटं नाही, फक्त कुठल्या भागात ते बघायला पाहिजे. काळ्या बुबुळाच्या कडेला स्टेम सेल असतात, चुन्याची पुडी फुटून पोरांच्या डोळ्यात चुना जातो तेव्हा त्याच जळतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये यावर एक सोपी पद्धत मांडली, चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम २ मिमीचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करून खराब डोळ्यावर पसरायचे, तिथेच ते वाढतात. भारी आहे हे. पण ते वरच्या पृष्ठभागाचं झालं, माझा राडा आत आहे.

आतल्या सुजेसाठी मेसेन्कायमल नावाच्या स्टेम सेलवर काम चाललंय, अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढतात, त्या भडकलेल्या टी सेल्सना (त्याच फौजेतल्या पांढऱ्या पेशी) शांत करतात. उंदरांमध्ये सूज कमी झाली. उंदरांमध्ये, मामा.

तरी फॉरवर्डमधल्या क्लिनिकला फोन लावलाच. विचारलं, ट्रायल आहे का? "पॅकेज आहे मॅडम, दोन्ही डोळ्यांचं एकदम केलं तर डिस्काउंट." तिथेच पोटात गोळा आला. कारण २०१७ मध्ये एका मेडिकल जर्नलमध्ये फ्लोरिडातल्या तीन बायकांची केस छापून आली होती, आजार वेगळा, मॅक्युलाचा (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा), पण पोटाची चरबी काढून त्यातल्या सेल्स एकाच दिवशी दोन्ही डोळ्यात टोचल्या, ५,००० डॉलर घेतले, आणि तिघींची नजर गेली. आणि आपल्याकडेही आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये असले उपचार ट्रायलबाहेर विकायला मनाई आहे.

मामाला हे सगळं व्हॉइस नोटवर सांगितलं, चार मिनिटांची झाली. उत्तर आलं, "बरं. मग गुलाबपाणी घालून बघ."